भाव कोणताही असो : स्वेच्छ स्थिरांक घालवून अवकल समीकरण कसे तयार होते

लातूरच्या किंवा परभणीच्या मोंढ्यात सोयाबीन घालणाऱ्या शेतकऱ्याला अवकल समीकरण हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु आडत्याने हातात दिलेली पट्टी तपासताना तो जे करतो, त्यात या लेखाचा निम्मा विषय येऊन जातो. समजा, पट्टीवर वजन स्पष्ट आहे, एकूण रक्कम स्पष्ट आहे, पण भावाचा आकडा पुसट उमटला आहे. शेतकरी रकमेला वजनाने भागतो आणि एका क्विंटलमागे किती पडले ते काढतो. आणखी एक क्विंटल माल घातला असता तर किती रुपये वाढले असते, हेही तो याच भागाकारावरून सांगतो. भाव त्याला कोणी सांगितलेला नसतो. तो पट्टीतल्याच दोन आकड्यांत दडलेला असतो.

हीच गोष्ट चिन्हांत मांडू. वजन क्ष क्विंटल, रक्कम य रुपये आणि भाव भ असेल, तर

य = भ·क्ष

असे होते. यातल्या भ या अक्षराचे स्थान जरा चमत्कारिक आहे. एका पट्टीपुरता तो स्थिर असतो, कारण क्ष वाढला म्हणून भाव बदलत नाही. पण ही पट्टी आणि ती पट्टी, कालचा दिवस आणि आजचा दिवस, यांत तो निराळा असतो. एका पट्टीत स्थिर, पण कोणत्या किमतीला स्थिर ते मोकळे, अशा राशीला स्वेच्छ स्थिरांक म्हणतात. महाविद्यालयातल्या वर्गात मुले त्याला आर्बिट्ररी कॉन्स्टंट म्हणून ओळखतात. भ ची प्रत्येक किंमत घेतली की आलेखावर आरंभबिंदूतून जाणारी एक रेषा मिळते, आणि सगळ्या किमती घेतल्या की अशा रेषांचे एक कुलच उभे राहते.

आता यचे क्षच्या सापेक्ष अवकलन करू आणि मिळणाऱ्या अवकलजाला य′ म्हणू. य′ म्हणजे क्ष किंचित वाढला असता य ज्या दराने वाढतो तो दर, म्हणजेच आलेखाचा चढ. येथे य′ = भ मिळते. मूळ समीकरणावरून भ = य ÷ क्ष हेही आहेच. दोन्हींतून भ काढून टाकला की

क्ष·य′ = य

उरते. यात भाव कुठेही नाही, आहे तो य′; असा अवकलज असलेले समीकरण म्हणजेच अवकल समीकरण. पुढच्या क्विंटलमागे जितके मिळते तितकेच आतापर्यंतच्या प्रत्येक क्विंटलमागे सरासरीने मिळालेले आहे, एवढेच हे समीकरण सांगते. आणि ते प्रत्येक पट्टीबाबत खरे आहे, मग भाव चढा असो की पडलेला. मूळ समीकरण एकेका पट्टीची ओळख देत होते. नवे समीकरण त्या सर्व पट्ट्यांना बांधणारा नियम देते. स्वेच्छ स्थिरांकांचे निरसन करून अवकल समीकरण तयार करणे म्हणजे हेच : व्यक्तीचे वेगळेपण दाखवणारे आकडे बाजूला काढून कुलाचा समान धर्म तेवढा लिहून ठेवणे.

शेतकरी माल टेम्पोने आणतो आणि टेम्पोचे भाडे खेपेला ठोक ठरलेले असते. ही ठोक रक्कम ठ मानली, तर हातात पडणारे पैसे

य = भ·क्ष − ठ

इतके होतात. आता मोकळे स्थिरांक दोन झाले. एकदा अवकलन केले की पुन्हा य′ = भ मिळते, आणि ते मूळ समीकरणात घातले की य = क्ष·य′ − ठ. येथे भ गेला, पण ठ तसाच बसून आहे. म्हणून काम अपुरे आहे. य′ = भ याचेच पुन्हा अवकलन केले, तर दुसरा अवकलज

य″ = 0

असा येतो आणि दोन्ही स्थिरांक नाहीसे होतात. चढ कधीही बदलत नाही, म्हणजे आलेख सरळ रेषा आहे, इतकाच आता अर्थ उरला. या समीकरणाला मोंढा ठाऊक नाही. उणे भाव असलेली रेषाही त्याला तितकीच मान्य आहे. जितके स्थिरांक मोकळे सोडू तितके कुल मोठे होते, आणि कुल मोठे झाले की त्याचा समान धर्म सांगण्यासाठी अधिक वरच्या अवकलजापर्यंत जावे लागते.

किती वर जावे लागेल, याचा हिशोब दहावीतल्या एकसामयिक समीकरणांइतकाच सोपा आहे. दोन अज्ञात राशी शोधायच्या असतील तर दोन समीकरणे लागतात. पण दोन राशींचा लोप करून त्यांच्याविना एखादा संबंध उरवायचा असेल, तर सर्वसाधारणपणे तीन लागतात. दोन समीकरणे त्या राशी काढण्यात खर्च होतात आणि तिसऱ्यात त्या किमती घातल्यावर जे उरते ते आपले उत्तर असते. आपल्यापाशी सुरुवातीला एकच समीकरण असते, म्हणजे वक्रकुलाचे. बाकीची कोठून आणायची? प्रत्येक अवकलन एक नवे समीकरण देते. म्हणून दोन स्थिरांक असतील तर दोन वेळा, तीन असतील तर तीन वेळा अवकलन करायचे, आणि उत्तरात त्या त्या कोटीचा अवकलज यायचा. समीकरणात आलेल्या सर्वांत वरच्या अवकलजाच्या क्रमाला समीकरणाची कोटी म्हणतात. तेव्हा स्थिरांकांची संख्या आणि समीकरणाची कोटी यांचा मेळ बसतो. उलट बाजूने पाहिले तरी हेच दिसते : अवकल समीकरण सोडवताना प्रत्येक समाकलन, म्हणजे अवकलनाची उलट क्रिया, एकेक स्थिरांक परत आणते. ‘अवकल समीकरण’ या अर्थाचा लॅटिन शब्दप्रयोग जर्मन गणितज्ञ लायब्निट्स यांनी १६७६ साली केला.

हा नियम पाठ असूनही मुले चुकतात, आणि बहुतेक वेळा चूक अवकलनात नसून मोजणीत असते. टेम्पोच्या भाड्याखेरीज खेपेला चहापाण्याचा ठोक खर्च च येतो असे धरून य = भ·क्ष − ठ − च लिहिले, तर कागदावर अक्षरे तीन दिसतात. म्हणून कोणी तीनदा अवकलन करून य‴ = 0 असे उत्तर दिले, तर ते समीकरण रेषांच्या जोडीला सगळ्या उभ्या अक्षाच्या पॅराबोलांनाही आत घेते. ठ आणि च हे वेगळे मोजताच येत नाहीत. खिशातून गेलेली त्यांची बेरीजच काय ती हिशोबाला लागते. त्यामुळे खरे मोकळे स्थिरांक दोनच आहेत.

येथे चूक डोळ्यांना दिसते, पण य = क·ई^(क्ष + ख) या रूपात ती चांगली दडून बसते (ई म्हणजे सुमारे २.७१८ ही ठरलेली संख्या; ई^क्ष चा अवकलज ई^क्ष हाच असतो). घातांकांच्या नियमाने हे (क·ई^ख)·ई^क्ष असे लिहिता येते, आणि कंसातला सगळा ऐवज म्हणजे एकच स्थिरांक. उत्तर य′ = य, कोटी एक. य = क·कोसाइन²क्ष + ख·साइन²क्ष + ग·कोसाइन २क्ष या उदाहरणातही तसेच आहे, कारण कोसाइन २क्ष म्हणजे कोसाइन²क्ष − साइन²क्ष, आणि त्यामुळे ग हा पहिल्या दोघांत विरघळून जातो. म्हणून पेन उचलण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हे स्थिरांक बदलले तर वक्र खरोखर बदलतो का, की एकाची घट दुसऱ्याच्या वाढीने भरून निघते? जे स्थिरांक असे भरून निघत नाहीत, त्यांनाच आवश्यक स्थिरांक म्हणतात आणि कोटी त्यांच्यावरूनच ठरते.

निरसनाची कृती मात्र प्रत्येक वेळी तीन समीकरणे मांडून गुणाकार-वजाबाकी करण्याची असलीच पाहिजे असे नाही. माझ्या मते त्याहून हलकी रीत अशी : एखादा स्थिरांक एकटा पाडावा आणि मग अवकलन करावे, म्हणजे तो आपोआप शून्य होतो. उदाहरणार्थ,

य = क·क्ष + ख ÷ क्ष

हे घेऊ. दोन्ही बाजूंना क्षने गुणले की क्ष·य = क·क्ष² + ख. आता ख एकटा पडला. अवकलन केले की य + क्ष·य′ = २क·क्ष, आणि ख गेला. क्षने भागले की (य + क्ष·य′) ÷ क्ष = २क, म्हणजे क एकटा पडला. पुन्हा अवकलन करून छेद उडवला की

क्ष²·य″ + क्ष·य′ − य = 0

मिळते. उत्तर बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी गुरुजींकडे जाण्याची गरज नाही. य = क्ष घातले तर क्ष − क्ष = 0; य = १ ÷ क्ष घातले तर २/क्ष − १/क्ष − १/क्ष = 0. दोन्ही बसतात. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा असतो आणि तरीही तो करणारे विद्यार्थी विरळा.

एवढी कृती समजली तरी हे करायचे कशासाठी, हा प्रश्न उरतोच, आणि पुस्तकांत त्याचे उत्तर बहुधा चार प्रकरणे पुढे कोठेतरी सापडते. मला वाटते ते आधी यायला हवे. स्थिरांक घालवल्याशिवाय जे उत्तर साफ चुकते, असा एक प्रश्न आपल्याकडच्या माळरानावरच पडलेला आहे.

बालाघाटाच्या डोंगररांगांत पाणलोटाची कामे करताना उतारावर सलग समतल चर खणतात. चर एकाच उंचीवरून गेला पाहिजे, नाहीतर पाणी त्यात साचण्याऐवजी एका टोकाकडे वाहू लागते आणि चर फोडून निघून जाते. पाणी नेहमी सर्वांत तीव्र उताराच्या दिशेने धावते, आणि नकाशावर पाहिले तर ही दिशा समान उंचीच्या रेषेला काटकोनात असते. म्हणजे पावसाच्या पाण्याने पाडलेल्या ओघळी आणि आपण खणायचे चर, ही दोन कुले एकमेकांना जेथे भेटतात तेथे काटकोनात छेदतात.

समजा, एका लांबट टेकडीचा माथा आरंभबिंदूवर आहे आणि नकाशावर तिच्या ओघळी

य = म·क्ष²

या समीकरणाने दाखवता येतात. म ची प्रत्येक किंमत म्हणजे एक ओघळ. चरांची समीकरणे काढायची आहेत. दोन रेषा एकमेकींना लंब असतील तर त्यांच्या चढांचा गुणाकार −१ असतो, हे ठाऊक आहेच. ओघळीचा चढ य′ = २म·क्ष, म्हणून चराचा चढ −१ ÷ (२म·क्ष), असे लिहून पुढे समाकलन करावे, असा मोह होतो. समाकलन सुरळीत होते, उत्तरात लॉगॅरिदम येतो, रूपही भारदस्त दिसते; पण ते उत्तर चूक असते.

का चूक, हे कागदावर नव्हे तर टेकडीवर उभे राहून पाहावे. एक चर एकाच ओघळीला छेदत नाही. तो वाटेत दहा-वीस ओघळी छेदत जातो आणि प्रत्येक ओघळीचा म वेगळा असतो. क्ष = १, य = १ या जागी म = १ आहे, म्हणून ओघळीचा चढ २ आणि चराचा चढ −१/२. तेथून थोडे वर, क्ष = १, य = २ या जागी जी ओघळ जाते तिचा म २ आहे; तिचा चढ ४ आणि तेथून जाणाऱ्या चराचा चढ −१/४. जर म = १ हाच धरून बसलो, तर या दुसऱ्या जागीही −१/२ असेच उत्तर येईल आणि चर तिरपा जाईल. स्थिरांक समीकरणात ठेवला म्हणजे आपण एका ओघळीला बांधले गेलो, आणि चराला तर सगळ्या ओघळींशी व्यवहार करायचा आहे.

म्हणून आधी म काढून टाकायचा. म = य ÷ क्ष², म्हणून ओघळींचे अवकल समीकरण

य′ = २य ÷ क्ष

हे झाले. आता चढ केवळ जागेवरून कळतो. आपण कोणत्या ओघळीवर आहोत हे विचारावे लागत नाही. याचा लंब चढ

य′ = −क्ष ÷ (२य)

आणि याचे समाकलन केले की क्ष² + २य² = स्थिरांक. चर लंबवर्तुळाकार जातात, म्हणजे लांबट टेकडीला कमरपट्ट्यासारखे वेढतात. लांबट टेकडीच्या समान उंचीच्या रेषा तशाच असाव्यात, हे उघड्या डोळ्यांनाही पटते. दिलेल्या कुलाला सर्वत्र काटकोनात छेदणाऱ्या वक्रांचा असा प्रश्न लायब्निट्स यांनी १७१५ साली इंग्रज गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला होता. त्या काळी कलनाचे, म्हणजे कॅलक्युलसचे, श्रेय न्यूटनचे की लायब्निट्सचे, यावरून दोन्ही पक्षांत चांगलीच जुंपली होती.

याच जोडीचे सर्वांत साधे रूप आपण आधीच अर्धे पाहिले आहे. मोंढ्यातल्या रेषांचा नियम य′ = य ÷ क्ष होता; त्याचा लंब नियम य′ = −क्ष ÷ य. एखाद्या जुन्या बारवेतल्या स्थिर पाण्यात खडा टाकला की उठणारी वर्तुळे क्ष² + य² = त्र² या कुलातली असतात; त्यांचे अवकलन केले की त्रिज्या त्र जागीच नाहीशी होते आणि क्ष + य·य′ = 0, म्हणजे हाच नियम मिळतो. वर्तुळाची त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, हे नववी-दहावीचे प्रमेय येथे अवकल समीकरणाच्या वेशात उभे आहे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत एक गृहीत न बोलता चालले होते : कुलावरून समीकरण काढले, आता समीकरण सोडवले की तेच कुल परत मिळेल, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. हे नेहमी खरे नसते. य = क·क्ष + क² हे रेषांचे कुल घ्या. य′ = क, म्हणून निरसन एका ओळीत होते :

य = क्ष·य′ + (य′)²

या रूपाच्या समीकरणांचा अभ्यास फ्रेंच गणितज्ञ क्लेरो यांनी १७३४ साली केला आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. आता य = −क्ष²/४ हा पॅराबोला या समीकरणात घालून पाहा. य′ = −क्ष/२, म्हणून उजवी बाजू −क्ष²/२ + क्ष²/४ = −क्ष²/४. बसला! पण हा पॅराबोला कुलातला नाही. कुलात तर नुसत्या रेषा आहेत. हा पाहुणा कोठून आला?

कागदावर क ला १, २, −१, −२, १/२ अशा किमती देऊन रेषा काढल्या, तर त्या सगळ्या मिळून मध्ये एक गोलसर कड तयार करताना दिसतात. ती कड म्हणजेच हा पॅराबोला. प्रत्येक रेषा त्याला एका बिंदूत स्पर्श करते. स्पर्शाच्या बिंदूपाशी पॅराबोलाचा चढ आणि रेषेचा चढ एकच असतो, आणि अवकल समीकरण तर फक्त जागा आणि चढ यांच्याविषयी बोलते. त्यामुळे त्या जागी तो चढ रेषेचा आहे की कडेचा, हे त्याला ओळखता येत नाही. ज्याची ओळख आपण मुद्दाम पुसली, तो आणि त्याच्यासारखा दिसणारा दुसरा, यांत फरक करण्याचे साधनही आपण त्याबरोबर घालवले, असे म्हणता येईल. अशा उत्तराला एकल उकल म्हणतात. क ला कोणतीही किंमत दिली तरी ती मिळत नाही.

या समीकरणात य′ चा वर्ग आला आहे, म्हणून त्याचा घात दोन. त्याचाही अर्थ चित्रात दिसतो. पॅराबोलाच्या बाहेरच्या, म्हणजे वरच्या, कोणत्याही बिंदूतून कुलातल्या दोन रेषा जातात, प्रत्यक्ष पॅराबोलावर त्या दोन्ही एक होतात, आणि त्याच्या पोटातल्या बिंदूतून एकही रेषा जात नाही. य′ साठी मांडलेल्या वर्गसमीकरणाला दोन, एक किंवा शून्य वास्तव मुळे असण्याशी हे तंतोतंत जुळते. परीक्षेत कोटी आणि घात लिहा असा एका गुणाचा प्रश्न येतो तेव्हा हे चित्र कोणाच्याच मनात नसते, याची मला हळहळ वाटते.

प्रतलावरील झाडून सगळ्या वर्तुळांचे कुल घेतले तर केंद्राचे दोन आणि त्रिज्येचा एक असे तीन स्थिरांक होतात. (क्ष − क)² + (य − ख)² = त्र² याचे अवकलन केले की त्रिज्या जाते, पुन्हा केले की क जातो आणि १ + (य′)² + (य − ख)·य″ = 0 उरते. यातून य − ख एकटा पाडून तिसऱ्यांदा अवकलन केले की

(१ + (य′)²)·य‴ = ३य′·(य″)²

हे तिसऱ्या कोटीचे समीकरण मिळते. दिसायला ते ओबडधोबड आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की वक्राचा बाक कोठेही बदलत नाही. सरळ रेषाही या समीकरणात बसतात, कारण त्यांचा बाक सर्वत्र शून्य असतो. येथेही कुलाबाहेरचे पाहुणे आलेच. वर्तुळाऐवजी सर्व शांकव (वर्तुळ, लंबवर्तुळ, पॅराबोला, हायपरबोला) घेतले, तर सर्वसाधारण समीकरणात सहा सहगुणक दिसतात, पण सगळ्यांना त्यांतल्याच एका सहगुणकाने भागता येत असल्यामुळे आवश्यक स्थिरांक पाचच. त्यामुळे पाचव्या कोटीचे समीकरण येते. ते फ्रेंच गणितज्ञ मोंज यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचा भूमितीय अर्थ लागत नाही, असे इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात म्हटले होते; पुढे त्या शतकाच्या नवव्या दशकात तो अर्थ लावून दाखवणारे गणितज्ञ कलकत्त्याचे आशुतोष मुखर्जी होते.

शेवटी, कोणता स्थिरांक स्वेच्छ मानायचा हे समीकरण ठरवत नाही, आपण ठरवतो. आणि हे पाहण्यासाठी मे महिन्यातल्या दुपारी निवत ठेवलेला चहाचा कप पुरे आहे. भोवतालचे तापमान न, सुरुवातीचा फरक फ आणि निवण्याचा दर द असेल, तर न्यूटनच्या नियमानुसार ट या वेळी चहाचे तापमान

य = न + फ·ई^(−द·ट)

असते. येथे अवकलन ट च्या सापेक्ष करायचे. भिंतीवरच्या तापमापकावरून न कळला आहे आणि कप नेहमीचा असल्यामुळे द ही माहीत आहे, तर मोकळा फक्त फ, आणि समीकरण य′ = −द·(य − न). कप नवा असेल तर द ही मोकळा; मग (य − न)·य″ = (य′)². आणि भिंतीवर तापमापकच नसेल तर तिन्ही मोकळे, आणि समीकरण तिसऱ्या कोटीचे :

य′·य‴ = (य″)²

वस्तू तीच, घटना तीच. आपल्याला काय माहीत आहे त्याप्रमाणे तिचा नियम बदलला.

या शेवटच्या समीकरणात भोवतालचे तापमान नाही, तरीही ते चहाकडूनच काढून घेता येते. सारख्या अंतराने तीन नोंदी घेतल्या आणि त्या प, फ, ब अशा आल्या (हा फ वरचा नव्हे), तर भोवतालापेक्षा असलेले फरक भूमिती श्रेढीत असतात, म्हणजे (प − न)·(ब − न) = (फ − न)². ही अवकलज न वापरता केलेली निरसनाचीच कृती आहे. सुरुवातीचा फरक आणि दर दोन्ही तिच्यातून गळाले आहेत. कंस सोडवले की

न = (प·ब − फ²) ÷ (प + ब − २फ)

मिळते. समजा नोंदी ९०, ६६ आणि ५४ अंश आल्या. ९० × ५४ म्हणजे ४८६०, ६६ चा वर्ग ४३५६, वजाबाकी ५०४; छेदात १४४ − १३२ = १२. भागाकार ४२. परभणीतल्या मे महिन्याच्या दुपारी खोलीत ४२ अंश, आणि तेवढ्याच अंतराने घेतलेली चौथी नोंद ४८ यायला हवी.